रुग्णाला वाईट बातमी कशी सांगावी : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रुग्णाला गंभीर आजाराची बातमी देण्याचे काम इस्पितळात रोज होते, आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या क्रमाने होते. डॉक्टर आधी रिपोर्ट सांगतात, मग समोरच्याला आजाराविषयी काहीच ठाऊक नव्हते हे त्यांच्या ध्यानात येते, आणि अगदी शेवटी, खोलीबाहेर पडता पडता, 'काही विचारायचे आहे का?' असा प्रश्न येतो. विचारणे आधी, सांगणे नंतर आणि सांगून झाल्यावर थांबणे, हा योग्य क्रम आहे. इंटर्न, निवासी डॉक्टर, आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी आणि त्यांच्यासोबत उभ्या असणाऱ्या परिचारिका यांच्यासाठी हा क्रम येथे टप्प्याटप्प्याने मांडला आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनाही तो वाचता येईल, कारण यातील एक मोठी चूक त्यांच्या प्रेमातूनच होते.

वाईट बातमी म्हणजे केवळ कर्करोग किंवा मृत्यू असे समजू नये. ज्या माहितीमुळे माणसाने डोळ्यांसमोर धरलेले पुढचे आयुष्य बदलते, ती त्याच्यासाठी वाईट बातमी असते. पेडण्याच्या टॅक्सीचालकाला फिट आली आणि औषधाने ती आटोक्यात राहील असे दिसले, तर डॉक्टरला तो साधा रुग्ण वाटतो. त्या चालकासाठी मात्र 'सध्या गाडी चालवू नका' या वाक्यात घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि गावातला मान सगळेच येते. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, मधुमेहाने कापावा लागणारा पाय, पोटातल्या बाळाचे थांबलेले ठोके, पक्षाघातानंतर परत न आलेली वाचा, या सर्व प्रसंगांना पुढील टप्पे लागू पडतात.

या कामासाठी 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली कर्करोगतज्ज्ञांच्या एका गटाने प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर शिकवली जाते. खालील मांडणीचा कणा तोच आहे. मात्र नातेवाइकांना आधी भेटण्याचा टप्पा आणि नोंदीचा टप्पा मी वेगळे काढले आहेत, कारण आपल्याकडे घसरगुंडी तिथेच होते.

टप्पा १ : तोंड उघडण्यापूर्वीची तयारी

संपूर्ण केसपेपर स्वतः वाचावा. रुग्णाचे नाव, वय, खाट क्रमांक आणि रिपोर्टवरील नाव एकमेकांशी जुळते की नाही हे बोटाने दाखवून तपासावे. एका आडनावाची दोन माणसे एकाच वॉर्डात असणे गोव्यात अगदी सामान्य आहे, आणि चुकीच्या खाटेपाशी उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट तोंडी कळला असेल तर लेखी प्रत हातात येईपर्यंत थांबावे. निदान अजून संशयाच्या पातळीवर असेल तर तसेच सांगण्याची तयारी ठेवावी.

त्यानंतर तीन प्रश्नांची उत्तरे मनात पक्की करावीत : आज या रुग्णाला कोणती एक गोष्ट कळलीच पाहिजे, पुढचे पाऊल कोणते आहे, आणि ते कोणत्या दिवशी पडणार आहे. ज्या डॉक्टरकडे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसते, तो बोलताना नकळत आजाराच्या माहितीत लपतो आणि वीस मिनिटे पेशींविषयी बोलत राहतो. म्हणून शल्यचिकित्सा, कर्करोग किंवा मूत्रपिंड विभागाशी आधी बोलून तारीख घ्यावी आणि मगच रुग्णासमोर बसावे. खर्चाचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, तेव्हा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड घरात आहे का आणि हा उपचार तिच्यात बसतो का, हे समाजसेवा विभागाकडून आधीच विचारून ठेवावे. रुग्ण सिंधुदुर्गातून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, आलेला असेल तर त्याच्यासाठी कोणती योजना चालेल, याची चौकशी वेगळी करावी लागते.

स्वतःकडेही एकदा पाहावे. छत्तीस तास जागे असलेल्या, भुकेल्या किंवा नुकत्याच झालेल्या मृत्यूने हादरलेल्या डॉक्टरने, बातमी तासभर थांबू शकत असेल, तर तोंड धुऊन, चहा घेऊन मगच यावे.

*तपासून पाहा :* मुख्य बातमी साध्या मराठीत किंवा कोकणीत, एका वाक्यात, इंग्रजी शब्द न वापरता सांगता येते का? येत नसेल तर वॉर्डातल्या परिचारिकेला ते वाक्य म्हणून दाखवावे आणि ती कुठे अडखळते ते पाहावे.

टप्पा २ : जागा, वेळ आणि सोबत

आमच्या इस्पितळांत स्वतंत्र समुपदेशन खोली क्वचितच रिकामी मिळते, हे मान्य करूनच बोलू. ओपीडी संपल्यानंतरची तपासणी खोली, सिस्टरांची खोली, दुपारी रिकामी पडणारी ड्रेसिंगची खोली, यांपैकी एक जागा नेहमी मिळते; फक्त ती आधी मागून ठेवावी लागते. रुग्णाला खाटेवरून हलवणे शक्यच नसेल तर पडदा ओढावा, शेजारच्या खाटेवरील नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबण्यास सांगावे आणि स्टूल घेऊन रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने बोलणाऱ्या डॉक्टरकडे पाहून रुग्ण असे समजतो की यांना निघायचे आहे. फोन शांत करून सहकाऱ्याच्या हाती द्यावा.

वेळ ठरवताना रुग्ण घरी कसा जाणार आहे हेही विचारावे. वाळपईहून किंवा काणकोणहून एकटाच कदंबच्या बसने आलेला माणूस हातात रिपोर्ट घेऊन संध्याकाळच्या गर्दीत उभा राहणार असेल, तर तातडीची निकड नसताना त्याला त्या दिवशी सर्व काही सांगू नये. 'हा रिपोर्ट नीट बसून समजावून घ्यायला हवा, उद्या घरातल्या कोणाला तरी घेऊन या,' असे म्हणावे. याने त्याला अंदाज येतो हे खरे आहे, पण तो अंदाज घेऊन तो घरच्या माणसांपर्यंत पोहोचतो. त्याने तिथल्या तिथेच विचारले तर मात्र टाळू नये. मग बसावे, बोलावे आणि घरच्यांना फोन करून बोलावून घ्यावे.

सोबत कोण असावे हे रुग्णाने ठरवायचे असते. 'आज आपण रिपोर्टविषयी बोलणार आहोत, तुमच्याजवळ कोणी बसलेले तुम्हाला आवडेल?' असे एकदा विचारले की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. एक परिचारिका बैठकीत असलीच पाहिजे. डॉक्टर गेल्यावर रात्री दोन वाजता रुग्ण जो प्रश्न विचारतो, तो तिलाच विचारतो.

*सावधान :* भाषेचा दुभाषा म्हणून रुग्णाच्या लहान मुलाला किंवा वाटेत भेटलेल्या कर्मचाऱ्याला उभे करू नये. कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या रुग्णासाठी ती भाषा येणारा डॉक्टर वा परिचारिका शोधावी आणि त्यांना आधीच सांगावे की वाक्य सौम्य करायचे नाही, गाळायचे नाही, भर घालायची नाही.

टप्पा ३ : नातेवाईक आधी गाठतात तेव्हा

येथे थोडे रेंगाळावे लागेल. रुग्ण खाटेवर असतो आणि त्याचा मुलगा, जावई किंवा भाऊ कॉरिडॉरमध्ये डॉक्टरला थांबवून म्हणतो, 'दोतोर, बाबांना काही सांगू नका, ते खचतील.' डॉक्टर मान डोलावतात, सर्व माहिती मुलाला देतात आणि खाटेपाशी येऊन 'अल्सर आहे, औषधे घ्या' असे बोलतात. त्या क्षणी आपण रुग्णाच्या घरात एक भिंत उभी करतो. पुढे केमोथेरपी सुरू होते, केस गळतात, त्याच वॉर्डातला दुसरा रुग्ण कधी तरी बोलून जातो, आणि मग त्या माणसाला दोन गोष्टी एकदम कळतात : आपल्याला कर्करोग आहे आणि आपल्याशी सगळेच खोटे बोलत होते.

नातेवाइकांना या विनंतीबद्दल रागावू नये आणि कायद्याचे भाषणही देऊ नये. पुढील क्रमाने बोलावे.

पहिल्यांदा कारण विचारावे. 'तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते?' या प्रश्नाला मिळणारी उत्तरे फार वेगवेगळी असतात : मागच्या वर्षी आई गेल्यापासून बाबा जेवत नाहीत, काकांनी अशाच बातमीनंतर जीव दिला होता, चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आहे आणि मुंबईची सगळी मंडळी घरी येणार आहेत. यांतील प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते. चवथीपर्यंत थांबण्याची विनंती पुष्कळदा मान्य करता येते, जर उपचार तितके दिवस थांबू शकत असेल आणि रुग्ण स्वतः विचारत नसेल. आत्महत्येची भीती असेल तर ती गंभीरपणे घ्यावी आणि बांबोळीच्याच मनोविकार व मानवी वर्तन संस्थेतील सहकाऱ्यांचा सल्ला आधी घ्यावा.

दुसरे म्हणजे, लपवण्याचा भार किती आहे हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे. 'तुम्हाला त्यांच्यासमोर रोज चेहरा सांभाळून वागावे लागते, ते कसे जमते?' असे विचारले की बहुतेक मुले रडतात. त्यांना पहिल्यांदाच कोणी तरी हे विचारलेले असते.

तिसरे म्हणजे, तोडगा मांडावा. 'मी बाबांवर काहीही लादणार नाही. मी त्यांना फक्त एवढेच विचारणार आहे की त्यांना काय वाटते आणि किती जाणून घ्यायचे आहे. त्यांनी नको म्हटले तर मी थांबेन. पण त्यांनी विचारले तर मी खोटे बोलणार नाही.' हे चार मुद्दे याच क्रमाने, तुटक न करता सांगितले तर क्वचितच कोणी नकार देतो. पुष्कळ वेळा खाटेपाशी गेल्यावर कळते की रुग्णाला आठवडाभर संशय होता आणि मुलांना त्रास नको म्हणून तोच गप्प होता.

कायद्याची बाजू डॉक्टरने स्वतःपुरती ध्यानात ठेवावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. संमती देण्याइतका सज्ञान व शुद्धीवर असलेला रुग्ण स्वतः संमती देतो, आणि ती वैध ठरण्यासाठी त्याला उपचाराविषयी पुरेशी माहिती दिलेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे. ज्याला अल्सर असल्याचे सांगितले आहे, त्याची केमोथेरपीसाठी घेतलेली सही कसल्या आधारावर टिकेल? एचआयव्हीच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे : २०१७ च्या कायद्याप्रमाणे, मोजके अपवाद सोडता, रुग्णाच्या संमतीशिवाय नातेवाइकांना त्याची स्थिती सांगता येत नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

*सावधान :* नातेवाईक पाच-सहा असतील तर प्रत्येकाशी वेगवेगळे बोलू नये. कुटुंबाने एक माणूस नेमावा आणि रोजची माहिती त्यालाच द्यावी, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. कॉरिडॉरमध्ये पाच जणांना दिलेली पाच उत्तरे संध्याकाळपर्यंत पाच निदाने होतात.

टप्पा ४ : आधी विचारणे

नमस्कार, स्वतःची ओळख आणि रुग्णाच्या सवयीची हाक, म्हणजे काका, मावशी, मिस, सर, जे घरात चालत असेल ते, एवढे झाल्यावर पहिला प्रश्न हाच : 'तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितले आहे?' कोकणी बोलणाऱ्या रुग्णाला 'तुमकां आयज मेरेन कितें सांगलां?' असे विचारले तर तो लगेच मोकळा होतो. आपल्या भागात लोक मराठी वाचतात, पण दुखणे कोकणीत सांगतात. ज्या भाषेत रुग्ण दुखणे सांगतो, त्याच भाषेत त्याला बातमी द्यावी.

दुसरा प्रश्न : 'तुम्हाला स्वतःला काय वाटते, हे कशामुळे होत असेल?' याच्या उत्तरातून तीन गोष्टी कळतात. रुग्णाला किती ठाऊक आहे, तो कोणते शब्द वापरतो, आणि त्याच्या समजुतीत कोणती चूक आधी दुरुस्त करायला हवी. 'गाठ आहे पण साधी आहे म्हणाले' आणि 'बहुतेक तोच रोग असावा', या दोन उत्तरांनंतरचे संभाषण पूर्णपणे वेगळे असते. पहिल्या माणसाला पायऱ्या उतरवत न्यावे लागते. दुसरा तळाशी येऊन उभाच असतो, त्याला पुन्हा वर नेऊन उतरवू नये.

ऐकताना मध्ये बोलू नये आणि कागदांकडे पाहू नये. त्याचे शब्द मनात टिपून ठेवावेत, कारण पुढच्या टप्प्यात तेच वापरायचे आहेत.

टप्पा ५ : किती सांगायचे, याची परवानगी

'रिपोर्ट आले आहेत. तुम्हाला सर्व तपशील ऐकायला आवडेल, की मुख्य गोष्ट आणि पुढचे उपचार एवढेच सांगू?' हा प्रश्न साधा असला तरी तोच सर्वांत जास्त वगळला जातो. काही वडीलधारी माणसे शांतपणे म्हणतात, 'माझ्या मुलीला सांगा, ती ठरवेल.' तो त्यांचा निर्णय आहे आणि तो पाळावा; मात्र 'नंतर कधीही विचारावेसे वाटले तर मी सांगेन' हे वाक्य जोडावे आणि ही संमती केसपेपरवर लिहून ठेवावी.

टप्पा ६ : बातमी सांगणे

आधी इशारा द्यावा. 'मला जे सांगायचे आहे ते ऐकायला कठीण आहे,' किंवा 'रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही.' दोन-तीन श्वास थांबावे. नंतर मुख्य वाक्य : 'तुमच्या पोटातली गाठ कर्करोगाची आहे.' नाव घ्यावे. 'थोडी वाढ आहे', 'पेशी जरा वेगळ्या दिसतात' अशा वाक्यांतून रुग्ण आजार नसल्याचाच अर्थ काढतो, आणि तो दोष त्याचा नसतो.

इंग्रजी शब्दांचा सापळा इथेच असतो. उमेदवारीच्या काळात मी एका बाईंना 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' असे सांगितले आणि त्या हात जोडून हसल्या. त्यांच्या कानाला पॉझिटिव्ह म्हणजे चांगले होते. पुढची दहा मिनिटे मी ते हसू पुसत होतो, आणि त्यांचा तो चेहरा मला आजही आठवतो. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, ॲडव्हान्स, प्रोग्रेस, एक्सपायर, हे शब्द या बैठकीत वर्ज्य समजावेत. 'स्टेज'ही जपून वापरावा, कारण पुष्कळ जण तिसरी स्टेज म्हणजे तिसरा आणि शेवटचा महिना असे मोजतात.

माहिती घासाघासाने द्यावी. दोन वाक्यांनंतर थांबून 'मी सांगतो ते स्पष्ट होते आहे का?' असे पाहावे. त्याहून चांगले म्हणजे 'घरी गेल्यावर बायकोला हे कसे सांगाल, मला सांगून दाखवा,' असे म्हणावे. तिथे समजुतीतली फट लगेच दिसते.

*कोणती वाक्ये टाळावीत :* 'आता काही करता येणार नाही' हे वाक्य कधीच खरे नसते, कारण वेदना, धाप आणि मळमळ यांवर शेवटपर्यंत उपचार असतात. 'घरी घेऊन जा, सेवा करा' हे ऐकून कुटुंबाला आपण टाकून दिलो गेलो असे वाटते. 'आधी का नाही आलात?' या प्रश्नाने कोणाचाही आजार मागे जात नाही. पत्नीच्या मनात मात्र तो आयुष्यभर राहतो.

टप्पा ७ : थांबणे

मुख्य वाक्यानंतर गप्प बसावे. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. नवशिक्या डॉक्टरला हे दहा आकडे असह्य होतात आणि तो लगेच उपचारांची यादी सुरू करतो, पण रुग्णाच्या कानात त्या वेळी त्यातले काहीच शिरत नसते. रुग्ण रडेल, गप्प होईल, रागावेल किंवा 'रिपोर्ट बदलला असेल' म्हणेल. पाण्याचा पेला जवळ सरकवावा. हातावर हात ठेवायचा की नाही हे माणूस पाहून ठरवावे.

बोलायचेच असेल तर समोर दिसणाऱ्या भावनेला नाव द्यावे : 'तुम्हाला याची कल्पनाच नव्हती, हे मला दिसते आहे.' 'घाबरू नका', 'धीर धरा' ही वाक्ये आपण स्वतःच्या सोयीसाठी बोलतो. रागाला युक्तिवादाने उत्तर देऊ नये. 'म्हापशाच्या डॉक्टरने तीन महिने ॲसिडिटीची औषधे दिली,' असे नातेवाईक म्हणाले तर त्या डॉक्टरची बाजूही घेऊ नये आणि त्याला दोषही देऊ नये. 'तुमचे तीन महिने गेले याचा तुम्हाला त्रास होतो आहे, तो मला कळतो,' एवढे पुरे. राग अंगावर येण्याच्या बेतात दिसला तर दाराजवळची खुर्ची आपली असावी आणि परिचारिकेने बाहेर सूचना द्यावी.

*तपासून पाहा :* रुग्णाने स्वतःहून पहिला प्रश्न विचारला का? 'मग आता काय करायचे?' असा प्रश्न येईपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा ८ : पुढचे पाऊल आणि 'किती दिवस?'

आता तारीख सांगावी. टप्पा १ मध्ये घेतलेली तारीख इथे उपयोगी पडते : कोणत्या दिवशी, कोणत्या विभागात, कोणते कागद घेऊन. हे सर्व कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. शस्त्रक्रियेच्या आधी काही कुटुंबे ग्रामदेवतेकडे कौल घेण्यासाठी दोन दिवस मागतात, काही पाद्रीबाबला बोलावतात. वैद्यकीयदृष्ट्या दोन दिवस परवडत असतील तर ते आनंदाने द्यावेत आणि शेवटची तारीख स्पष्ट सांगावी : 'गुरुवारपर्यंत या, त्यापुढे थांबणे धोक्याचे आहे.' ही मागणी हसण्यावारी नेल्यास कुटुंब परत येत नाही.

'किती दिवस आहेत?' या प्रश्नाला आकडा देऊ नये आणि 'ते देवाच्या हाती' असेही म्हणू नये. आधी विचारावे, 'तुम्ही कोणत्या गोष्टीसाठी विचारता आहात?' गोव्यात याचे उत्तर पुष्कळदा असे येते की मुलगा तारवटी आहे, जहाजावर आहे, त्याला बोलवायचे की कंत्राट संपू द्यायचे. अशा वेळी दिवस, आठवडे, महिने की वर्षे, यांपैकी कोणत्या मापात बोलायचे ते सांगावे : 'मला वाटते की आपण आठवड्यांच्या मापात बोलतो आहोत, माझा अंदाज चुकू शकतो, पण मुलाला आत्ताच बोलवा.' ज्या कुटुंबाला हे वेळेवर सांगितले जात नाही, त्या घरचा मुलगा अंत्यविधीनंतर पोहोचतो. या एका वाक्याची टाळाटाळ झालेली पाहून मला फार वाईट वाटते.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि रुग्ण स्वतः बोलू इच्छित असेल, तर व्हेंटिलेटर, पुन्हा पुन्हा आयसीयू, घरी राहण्याची इच्छा हे विषय त्याच्या शुद्धीत असतानाच निघावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते, आणि २०२३ मध्ये ती पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करता येते. पहिल्याच बैठकीत हा विषय काढू नये.

टप्पा ९ : नोंद

बैठक संपताच, पुढच्या रुग्णाकडे जाण्यापूर्वी, केसपेपरवर लिहावे : तारीख व वेळ, कोण उपस्थित होते, कोणत्या शब्दांत काय सांगितले, रुग्णाने काय विचारले, काय जाणून घ्यायचे नाही म्हणाला, पुढची भेट कधी. 'नातेवाइकांना कल्पना दिली' या नोंदीचा पुढच्या पाळीला काहीही उपयोग नाही. 'रुग्णाला कर्करोग हा शब्द सांगितला आहे, पत्नीला सांगितला आहे, आईला सांगू नये अशी रुग्णाची इच्छा,' अशी नोंद असेल तर रात्रीची परिचारिका निर्धास्तपणे बोलू शकते. वॉर्ड बदलताना हेच तोंडीही सांगावे.

क्रम बदलतो असे तीन प्रसंग

आकस्मिक मृत्यू. अपघात विभागात नातेवाईक धावत येतात तेव्हा विचारण्याचे टप्पे आखडतात, पण ओळख पटवण्याचा टप्पा दुपटीने महत्त्वाचा होतो. आपण कोणाशी बोलतो आहोत आणि त्यांचे मृताशी नाते काय, हे आधी विचारावे, ॲप्रनवर रक्त असेल तर बदलावा, त्यांना बसवावे. काय घडले ते दोन-तीन वाक्यांत सांगून 'आणि त्यांचा मृत्यू झाला' असे स्पष्ट म्हणावे. 'ते गेले' ऐकून एका वडिलांनी मला 'कुठे नेले?' असे विचारले होते. चेहरा स्वच्छ करून, चादर नीट करून पार्थिव पाहू द्यावे. पंचनामा आणि शवचिकित्सा का करावी लागते हे त्यानंतर सांगावे, आधी नाही. परदेशातून कोणी येणार असेल तर पार्थिव शवागारात ठेवण्याविषयी त्याच बैठकीत बोलावे. मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मृत्यूची बातमी आणि अवयवदानाचा विषय कधीही एका बैठकीत एकत्र करू नयेत. कायद्याने चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करते. कुटुंबाला पहिल्या चाचणीनंतरच त्याचा अर्थ समजावू लागावे आणि 'हृदय चालू आहे, मग मृत्यू कसा?' या प्रश्नाला कितीही वेळा उत्तर देण्याची तयारी ठेवावी.

फोन. आधी 'तुम्ही गाडी चालवत आहात का? जवळ कोण आहे?' असे विचारावे. तासाभरात पोहोचू शकणाऱ्या माणसाला 'प्रकृती अतिशय गंभीर आहे, कोणाला तरी सोबत घेऊन या, दुचाकीवरून एकटे येऊ नका' असे सांगावे. त्याने थेट विचारलेच तर खोटे बोलू नये. जहाजावर किंवा आखातात असलेल्या मुलाला मात्र फोनवरच पूर्ण सांगावे लागते, आणि तो फोन डॉक्टरने करावा, पाठवलेल्या मेसेजवर सोडू नये.

प्रसूती कक्ष. पोटातले बाळ गेल्याचे आईला आणि वडिलांना एकत्र, एकाच वेळी सांगावे; सासूला आधी सांगण्याची प्रथा बंद करावी. 'पुढच्या वेळी होईल' असे म्हणू नये. बाळाला पाहायचे, हातात घ्यायचे आहे का, हे विचारावे, आणि नवजात बाळे असलेल्या वॉर्डात त्या आईची खाट ठेवू नये.

टप्पा १० : दुसरी भेट

पहिल्या बैठकीतले बरेचसे बोलणे रुग्णाच्या लक्षात राहत नाही, म्हणून दोन दिवसांच्या आत दुसरी भेट ठरलेलीच असावी, आणि ती त्याच डॉक्टरने घ्यावी. रजा असेल तर सहकाऱ्याची ओळख पहिल्याच भेटीत करून द्यावी. ही भेट लहान असते, वीस मिनिटे पुरतात. नवी माहिती घेऊन जाऊ नये. पहिल्या भेटीत दिलेला कागद रुग्णाला बाहेर काढायला सांगावा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारावा : 'परवा आपण बोललो, त्यातले तुम्हाला काय आठवते?' मग तो जिथे थांबेल, तिथून पुढे बोलावे.